वायरमनचे मिशीवाले

भोकरदनच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा मी जी खोली भाड्याने घेतली, तिच्या भिंतीला भिंत लागून वायरमन राहत होते. त्यांना नाव होतं, पण ते रेशनकार्डावर. गाव त्यांना वायरमन म्हणायचं, मीही तेच म्हणायचो आणि इथंही तेच म्हणणार आहे. त्यांच्याकडे मिशा असलेले छोटे मासे होते आणि त्या माशांना त्यांच्या घरात पिल्लं होत असत. ही गोष्ट खरी होती. ती खरी नव्हती, असं कळवणारी चौदा पोस्टकार्डं चौदा माणसांना गेली आहेत आणि ती सगळी माझ्या अक्षरात आहेत. आता माझी ऐंशी जवळ आली. ती चूक माझ्यामागे कोणी दुरुस्त करणार नाही, कारण ती कोणाला माहीतच नाही.

मासे अर्ध्या बोटाएवढे. अंगावर तांब्याची झाक, बाजूला घराची कौलं एकावर एक चढवावीत तशा कडक पट्ट्यांच्या दोन ओळी, तोंडाशी चार-सहा आखूड मिशा. टाकीच्या तळाशी वाळूत नाक खुपसून सगळे मिळून हिंडायचे. एक थांबला की सगळे थांबायचे. मधूनच एखादा सरळ वर यायचा, हवेचा एक घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली कळपात. दुकानदार त्यांना कोरी म्हणत. वायरमन ‘मिशीवाले’ म्हणत.

ते कसे आले, हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. कामानिमित्त औरंगाबादला गेले असताना बसला वेळ होता म्हणून ते माशांच्या दुकानात शिरले. सगळ्या टाक्यांत पंपाचे बुडबुडे. त्यांनी दुकानदाराला विचारलं, “लाईट गेल्यावर ह्यातला कोन्ता मरत न्हाई?”

“गिऱ्हाईक रंग विचारतं, किंमत विचारतं,” दुकानदार म्हणाला. “हे तुम्हीच पहिले.”

“मी सोता वायरमन हाये,” हे म्हणाले. “मला म्हाईत हाये लाईट किती भरोशाची.”

दुकानदाराने हे मासे दाखवले. पंप बंद पडला तरी वर येऊन श्वास घेतात म्हणाला. वायरमननी सहा घेतले, पिशवी मांडीवर धरून बसमध्ये बसले आणि भोकरदन येईपर्यंत शेजारच्या माणसाशी एक शब्द बोलले नाहीत.

टाकी त्यांनी स्वतः केली होती. भंगारातल्या लोखंडी पट्ट्यांची चौकट, तसबिरीवाल्याकडून आणलेली काच, ती पक्की बसवायला खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी. गावात लाईट गेली की ते कामावर नसतील तर टाकीसमोर पाटावर बसत. बाहेरून कोणीतरी ओरडे, “वो वायरमन, लाईट कव्हा येनार?”

“माशाला इचारून सांगतो!” हे आतून ओरडत.

त्यांचं मूळ गाव केदारखेड्याच्या बाजूला. वडील, चुलते सगळे मेंढरं राखणारे. घरात नोकरी करणारे हे पहिले, पण मेंढरं त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी आल्यावर ते मासे मोजत. एकमेकांच्या अंगावरून जाणारे, सारखे दिसणारे जीव. मला दोनदा मोजले की दोन आकडे येत. ते एकदा नजर फिरवत आणि आकडा सांगत. प्रत्येक मासा ते तोंडावरून ओळखत. एका मादीची शेपटी वरून तुटलेली होती, तिला ते लांडी म्हणत. एकाच्या गालावर ठिपका होता, तो पटवारी. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

सहाच्या खाली मासे ते कोणाला देत नसत. “आमच्या बापानं एक मेंढरू पायाला लागलं म्हनून एकटं बांधलं होतं,” ते सांगत. “चारा म्होरं, पानी म्होरं. चार दिवस तोंड लावलं न्हाई. कळपात सोडलं तव्हा लंगडत जाऊन खाल्लं.” एकदा कापसाचे एक व्यापारी जीपमधून आले. दुकानात ठेवायला जोडी पाहिजे म्हणाले.

“जोडी न्हाई. सहा न्या.”

“अहो, माझी बरणी लहान आहे.”

“मंग बरणीत लोनचं घाला.”

व्यापारी रागावून गेले. वायरमनना ते कळलंही नाही. त्यांनी खरोखरच उपाय सुचवला होता.

माशांच्या खाण्यासाठी त्यांना डासांच्या अळ्या लागत. गावात नळाला पाणी कधी चार दिवसांनी, कधी आठ. त्यामुळे दारोदार पाण्याच्या टाक्या भरून ठेवलेल्या. तारेचं काम करायला कुणाच्या घरी गेले की ते आधी टाकीचं झाकण उचलत. आमच्या हेडमास्तरांच्या घरी असंच झालं. बाई चहा घेऊन आल्या, तर हे टाकीत वाकलेले. “बाई, लई चांगल्या अळ्या झाल्यात तुमच्या टाकीत. फेकू नका बरं का, सांजच्याला येऊन राह्यलो.” बाईंनी तेव्हापासून दर शुक्रवारी टाकी घासायला सुरुवात केली. त्या घरावरून जाताना वायरमन हळहळत. “चांगलं घर होतं,” म्हणत.

वाळू पूर्णेच्या पात्रातली. ती निवडताना ते चिमूटभर ओल्या बोटावर घेत आणि स्वतःच्या वरच्या ओठावर घासत. टोचली तर फेकत, दहा पावलं पुढे जात, पुन्हा घासत. “त्यांच्या मिशा दिवसभर ह्याच्यात असतात, गुरुजी. झिजल्या तर खायाला काय हुडकतेल?” नदीवर कपडे धुणाऱ्या बायका समजत की वायरमन वाळू खातात. त्यांनी तो समज दूर केला नाही.

त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, हे सगळं मान्य होतं असं नाही. मुली लग्न होऊन गेलेल्या, घरात दोघंच. पाण्याच्या दिवसांत त्या मला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. “मानसाला दोन घागरी अन् मिशीवाल्याला चार. म्या बी आता मिशा लावून त्या काचंत बसते, मंग तरी माझ्यासाठी पानी आनतेल.”

“तू मावनार न्हाईस,” आतून उत्तर येई.

पण रांजण त्याच भरत. त्या रांजणाबद्दल नीट सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्याच्यावर आहे. न्हाणीच्या भिंतीशी वाळूत रोवलेला मोठा रांजण, त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं. एकदा टाकीतलं पाणी आटलं म्हणून वायरमननी त्यातलं गार पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर अंडी. दुसऱ्या कोणी ते देवाचं देणं समजून सोडून दिलं असतं. वायरमननी एक जुनी वही घेतली आणि रकाने आखले. रांजण. आभाळ. खाणं. अंडी. अक्षर मोडकं होतं, आकडे मात्र छापल्यासारखे. एकदा नुसतं नळाचं पाणी घातलं, अंडी नाहीत. एकदा रांजणाचं घातलं पण एकदम ओतलं, थोडी झाली. एकदा चाळणीतून उंचावरून सोडलं, काच भरून गेली. दोन वर्षं ते हेच करत होते.

शेवटी ठरलेली पद्धत अशी. आठ दिवस गांडूळ बारीक चिरून पोटभर खायला घालायचं. त्या आठ दिवसांत टाकीत पाणी घालायचं नाही, चार बोटं आटू द्यायचं. नवव्या दिवशी दिवस मावळायच्या आत दोन दिवस मुरलेलं रांजणाचं पाणी चाळणीतून हळूहळू सोडायचं, टाकी पूर्ववत भरेपर्यंत. सकाळी बघायचं. मादी पोटाखालच्या दोन पंखांची ओंजळ करून तीत अंडी धरते, तोंडाने काच पुसते आणि पुसल्या जागी ती चिकटवते. हे मी स्वतः पाहिलं आहे. एकदा नाही, निदान दहा वेळा. अंडी दाढीच्या पात्याने अलगद सोडवून जनावरांच्या दवाखान्यातून आणलेल्या निळ्या औषधाचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात, पांढऱ्या तसराळ्यात ठेवायची. चौथ्या दिवशी पिल्लं.

पहिली पिल्लं झाली तेव्हा त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी विचारलं, “मुलगा की मुलगी?”

“अजून कळून न्हाई राह्यलं, साहेब. शंभराच्या वर हायेत.”

मी त्यांना म्हटलं, हे छापून आलं पाहिजे. एका मराठी मासिकात वाचकांच्या पत्रांना दोन पानं असत. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, छापून आलं. मग पत्रं यायला लागली. नाशिक, सोलापूर, अकोला, नागपूर, कुठून कुठून. कोणी शिक्षक, कोणी बँकेत, एक तर पोलीस. वायरमन प्रत्येकाला उत्तर द्यायचे, म्हणजे ते पाटावर बसून सांगायचे आणि मी लिहायचो. “लिवा, वाळू ओठाला लावून बघा.” मी लिही, ‘वाळू बारीक व गुळगुळीत असावी.’ ते म्हणत, “ओठाचं लिवलं का?” मग ते घालावं लागे. असे चौदा जण झाले. कार्ड आलं की ते शर्टाच्या खिशात ठेवून खांबावर चढत. त्यांच्या आयुष्यात त्यांना कोणी काही विचारलं होतं ते हे, आणि त्याचं उत्तर त्यांना येत होतं.

बारा-तेरा वर्षं असं चाललं. मग एका उन्हाळ्यात खांबावर काम करताना ठिणगी उडाली आणि त्यांचा चेहरा भाजला. डोळ्यांना इजा झाली. त्यांना औरंगाबादला नेलं, वहिनी बरोबर गेल्या आणि घराची किल्ली माझ्याकडे आली. चौथ्या दिवशी वहिनी कपडे न्यायला आल्या. म्हणाल्या, “डोळ्याला पट्टी बांधून पडल्यात अन् इचारून राह्यले, अकरा हायेत का.” मी आत जाऊन दोनदा मोजले. अकरा होते.

“अकरा सांगा,” म्हटलं. “आणि काळजी करू नका म्हणावं.”

“पानी रांजनाचंच घाला म्हनले.”

“हो, हो.”

तिसऱ्या आठवड्यात नळ बंद झाला आणि टँकर सुरू झाले. रांजण मी भरून ठेवला नव्हता. विसरलो, दुसरं कारण नाही. टाकी आटली होती, म्हणून टँकरचं पाणी सरळ आत ओतलं. ते गढूळ होतं. टाकी चहासारखी झाली आणि मासे दिसेनात. वहिनी दोन दिवसांनी येणार होत्या आणि आकडा विचारणार होत्या. मी काय केलं, तर आमच्याकडे घरोघरी पिण्याच्या घागरीला जे करतात तेच. तुरटीचा खडा घेतला आणि पाण्यात फिरवला. दोन वेढे फिरवून खडा काढून घ्यायचा असतो, हे पोरासोरांना माहीत असतं. त्या दिवशी शाळेत तपासणी होती. बाहेरून कोणीतरी हाक मारली, मी हात पुसत गेलो आणि खडा आत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. इतकं नितळ पाणी त्या टाकीत मी कधी पाहिलं नव्हतं. अकराच्या अकरा आडवे पडले होते. त्या दिवशी मोजताना माझी चूक झाली नाही.

तेव्हाच सांगितलं असतं तर तो एक अपघात होता. त्यांचाही अपघातच झाला होता. पण मी त्यांना मागच्या अंगणात पेरूखाली पुरलं, टाकी धुतली, शाळेत आजारपणाचा अर्ज दिला आणि औरंगाबादची बस धरली. दोन दुकानांत मिळून तसलेच मासे मिळाले. दुकानदार जाळी घालून भराभर काढत होता, तर मी त्याला थांबवलं आणि एकेक निवडून घेतला. चपळ आणि सडपातळ घेतले. फुगलेले, रुंद होते ते नाकारले. मला ते रोगट वाटले. दुकानदार म्हणाला, “काका, ते जाड पण घ्या दोन-तीन.” मी म्हटलं, “मला कळतं.” ते जाड म्हणजे माद्या होत्या. हे मला पुढे कितीतरी दिवसांनी वायरमनच्याच तोंडून कळलं, ते दुसरंच काही सांगत असताना. मी अकरा नर घेऊन आलो होतो.

सहा आठवड्यांनी वायरमन आले. काळा चष्मा, कपाळावर गुलाबी नवी कातडी. आले ते सरळ टाकीसमोर बसले. एकदा नजर फिरवली. “अकरा,” म्हणाले. मी श्वास सोडला. मग ते पुढे वाकले आणि पुष्कळ वेळ तसेच राहिले.

“गुरुजी, ह्ये माझे न्हाईत.”

“काहीतरीच.”

“लांडी कुठं हाये?”

“शेपूट भरून आली असेल. माशांची येते.”

“अन् माद्या?”

“त्यातच असतील. मला तुमच्यासारखं ओळखायला कुठं जमतं?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला अजूनही वाटतं, तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण ते पुन्हा वाकले, आणि मला भीती वाटली. मी म्हणालो, “तुमच्या डोळ्यांना अजून नीट दिसत नाहीये, वायरमन. डॉक्टरांनी सांगितलंय ना, वेळ लागेल म्हणून?”

ते माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगून राह्यले म्हंजी बराबर असंल,” म्हणाले. मी शिकलेला माणूस होतो.

त्यानंतर त्यांनी दीड वर्षात सात वेळा रांजणाचं पाणी सोडलं. एकदाही काचेवर काही दिसलं नाही. दर वेळी ते काहीतरी बदलत. नवी चाळणी आणली. वाळू काढून दुसरी आणली. रांजणात काही उतरलं असेल म्हणून तो फोडला आणि दुसरा बसवला; वहिनींनी त्या दिवशी भांडण काढलं. मग ते वही घेऊन मागची पानं बघत बसायला लागले. एकदा मला म्हणाले, “गुरुजी, मला वाटून राह्यलं, आधी बी आपोआपच होत असंल. मी उगंच समजून बसलो, माझ्या पान्यामुळं होऊन राह्यलं.” मी म्हटलं, तसं नसतं. का नसतं, ते सांगितलं नाही.

मग एका रविवारी ते पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन माझ्या खोलीत आले. चौदा होती. पाटावर बसून सांगायला लागले, नेहमीसारखंच.

“लिवा. मी कळवलेली पद्धत चुकीची हाये. माझ्याकडं ती लागू पडून न्हाई राह्यली. तुमचा वेळ गेला असंल तर माफी असावी.”

“अहो, एवढं कशाला?” मी म्हणालो. “कोणी विचारलंय का?”

“मी सांगितल्तं ना त्यांना? मंग चुकलं हे बी मीच सांगाया पाह्यजे.”

मी लिहायला बसलो. एका कार्डाला पाच-सात मिनिटं लागतात. अकोल्याच्या, नाशिकच्या, सगळ्यांच्या नावांनी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्या दिवशीही ते चांगलंच आलं. प्रत्येक कार्डावर त्यांनी स्वतः सही केली; चष्मा कपाळावर चढवून, नाक कार्डाला टेकेल इतकं वाकून. चौदाव्या कार्डापर्यंत माझ्याजवळ चौदा वेळा संधी होती. कार्डं पेटीत टाकायला मीच गेलो.

अकोल्याच्या माणसाचं उत्तर आलं. ‘आपण असे का लिहिता? आपल्या पद्धतीने माझ्याकडे तीन वेळा पिल्ले झाली. शेजाऱ्यांनाही दिली.’ मी ते मोठ्या आशेने वाचून दाखवलं. माझ्याऐवजी कोणीतरी परस्पर त्यांना सांगेल, अशी ती आशा होती. वायरमन हसले. “चांगला मानूस हाये,” म्हणाले. “मन राखायला लिवलंय.”

त्याच सुमाराला त्यांनी खांबावर चढणं सोडलं आणि ऑफिसात बसून बिलांचं काम मागून घेतलं. वय झालं, असं मला वाटलं. मासे एकेक करून गेले, नवे त्यांनी आणले नाहीत. टाकीत वहिनी कांदे ठेवायला लागल्या. माझी बदली जालन्याला झाली, तिथंच मी निवृत्त झालो. वर्षा-दोन वर्षांनी भोकरदनला जाणं होई, तेव्हा चहा घेऊन यायचो.

मग नवं शतक लागल्यावर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी होती ते दिवस मी सुनेला दोन-दोनदा विचारायचो, दारात कोण आलं. ती सांगेल ते खरं मानायचो, दुसरा इलाज नव्हता. पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी मी भोकरदनची बस धरली.

ते ओट्यावर बसले होते. वहिनी बाजूला ज्वारी निवडत होत्या. मी चहा नको म्हटलं आणि सगळं सांगितलं. तुरटीपासून पोस्टाच्या पेटीपर्यंत. ते मान खाली घालून ऐकत होते.

“खडा केवढा होता?” त्यांनी विचारलं.

“सुपारीएवढा,” मी म्हणालो.

“अकराच्या अकरा?”

“हो.”

“लांडी बी.”

“हो.”

वहिनींचा हात सुपातच थांबला होता. “गुरुजी,” त्या म्हणाल्या, “ह्यांनी तीन येळा चष्मा बदलला. जालन्याला जाऊन जाऊन. डाक्टर म्हने नजर बराबर हाये, ह्ये म्हनायचे न्हाई, मला माझी जनावरं वळखू येईनात. साहेबाला जाऊन सांगितलं, मला खांबावर पाठवू नका, उद्या कोन्ती तार चालू अन् कोन्ती बंद हे बी मला कळायचं न्हाई.” त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “डोळे चांगले असून बसून राह्यले ह्ये.”

हे मला माहीत नव्हतं. मी माफी मागितली. वायरमननी हात नाही असा हलवला; माफी नाही की बोलू नका, ते मला कळलं नाही.

“माझं ऱ्हाऊ द्या. त्या कार्डाचं काय?” ते म्हणाले. “चौदा मानसांनी खरी गोष्ट खोटी म्हनून सोडून दिली असंल. त्यांना परत लिवा.”

“पत्ते?”

ते वहीत होते आणि वही केव्हाच बंबात जळून गेली होती.

“तुमच्या हातचे हायेत,” ते म्हणाले. “तुम्हाला याद पाह्यजेत.”

मला चार आठवले. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्डं आणली. तोवर त्यांना खरोखरच दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते कापायला तयार नव्हते. त्यांनी तीन वाक्यं सांगितली. पहिली दोन मी लिहिली. तिसऱ्याशी माझा हात थांबला. चार अनोळखी माणसं; त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. तरी मी तिथं लिहिलं, ‘मध्यंतरी काही कारणाने मासे दगावल्यामुळे गैरसमज झाला.’

“लिवलं का?”

“लिहिलं.”

“वाचा.”

मी वाचून दाखवलं. वाचताना तिसरं वाक्य त्यांनी सांगितलं होतं तसं वाचलं. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर बोट कुठं टेकवू म्हणून विचारलं. मी त्यांचं बोट धरून जागा दाखवली. चारही कार्डांवर त्यांनी सही केली.

पुढच्या वर्षी ते गेले. वहिनी मुलीकडे राहायला गेल्या. चारपैकी एक कार्ड परत आलं, तीन कुठं पोचली माहीत नाही. राहिलेल्या दहांना तर काहीच कळलं नाही. ज्यांच्याकडे भोकरदनहून आलेलं, पद्धत चुकीची आहे असं सांगणारं एखादं जुनं कार्ड असेल, त्यांनी त्यावरचा मजकूर खोडावा. ती तीन वाक्यं वायरमननी सांगितली तशी, एक शब्द न बदलता, इथं देतो.

रांजनाचं पानी बराबर होतं. पद्धत बराबर होती. मासे आमच्या शेजारच्या गुरुजीच्या हातून मेले अन् त्यांनी मला सांगितलं न्हाई.